फी भरली, पुढे?



जुलै-ऑगस्ट उजाडला, की सिंगापुरातल्या बऱ्याच मराठी घरांत एक ठराविक फोन येतो. पलीकडे गावचे काका असतात, शाळेतले जुने सर असतात, नाहीतर भांडी घासायला येणाऱ्या मावशींची रदबदली करणारी आपली आईच असते. मजकूर दर वर्षी तोच. "पोरगी हुशार आहे रे. बारावीला छान मार्क पडलेत, इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. बाप यंत्रमागावर आहे. तेवढं फीचं बघशील का?" आपण मनातल्या मनात डॉलरचे रुपये करतो, आकडा फार वाटत नाही, आणि रात्री जेवणं आटपल्यावर पैसे पाठवून मोकळे होतो. देणाऱ्याला समाधान, घेणाऱ्याला आनंद आणि मध्यस्थाला पुण्य!

यात वाईट काहीच नाही. उलट अशी घरं आपल्यात आहेत याचा आम्हाला अभिमानच आहे. पण आज लिहायचं आहे ते फी भरून झाल्यानंतरच्या चार वर्षांबद्दल. ज्या घरातून यापूर्वी कोणीच कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्या घरातलं मूल कॉलेजात जातं तेव्हा फी हा पहिला अडथळा असतो, शेवटचा नव्हे. आणि पुढचे अडथळे आपल्यासारख्यांना चटकन दिसत नाहीत, कारण आपल्या वाटेवरून ते कोणीतरी आधीच बाजूला करून ठेवलेले होते.

उदाहरणच देतो. आमचं धरून चार घरांनी मिळून इचलकरंजीच्या एका मुलीच्या शिक्षणाला हातभार लावायचं ठरवलं. वडील यंत्रमाग कामगार, आई कांड्या भरते. मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला. पहिलं सेमिस्टर संपलं, आणि फेब्रुवारीत आमच्या सौ.नी सहज खुशाली विचारायला फोन केला, तर मुलगी म्हणाली, "काकू, मी शनिवारी गावी चाललेय. सामान बांधलंय. तुमचे पैसे वाया गेले."

विचारता विचारता उलगडा झाला. गणित आणि मेकॅनिक्स असे दोन विषय राहिले होते. तिने घरी कळवलं, "नापास झाले." वडील म्हणाले, "मग ये परत. इथं काम आहे." त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या जगात नापास म्हणजे नापास. ते स्वतः सातवीत नापास झाले आणि पुढच्या आठवड्यात मागावर उभे राहिले.

आमच्या सौ. फोनवर चक्क हसल्या. मुंबईत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्यांना स्वतःला दोन केट्या लागल्या होत्या, आणि आज त्या इथल्या एका कंपनीत अख्खं डिपार्टमेंट सांभाळतात. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं, की विषय राहणं म्हणजे शिक्षण संपणं नव्हे. पुढचे वर्ग चालूच राहतात, राहिलेले विषय पुन्हा द्यायचे असतात, आणि पहिल्या सेमिस्टरला एखादा विषय राहिलेली तिच्या वर्गात ती एकटी नक्कीच नसणार. पलीकडे बराच वेळ शांतता. मग बारीक आवाजात, "मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, काकू."

बांधलेलं सामान सुटलं. दोन्ही विषय पुढच्या खेपेला निघाले.

मंडळी, त्या दिवशी त्या मुलीला एक रुपयाही लागला नाही. लागलं ते एक वाक्य. आपल्या दिवाणखान्यात ते वाक्य चहाबरोबर फुकट मिळतं. आपल्या मुलांच्या आजूबाजूला दोन इंजिनिअर, एक डॉक्टर आणि सल्ला देण्यात डॉक्टरेट मिळवलेले किमान तीन काका असतातच. तिच्या अख्ख्या गल्लीत मात्र हे वाक्य सांगू शकेल असं माणूस नव्हतं.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, "आम्हाला कोण सांगायला आलं होतं? आम्ही आपल्या हिमतीवर शिकलो." हिंमत होतीच, ती नाकारत नाही. पण एकदा हिशेब मांडून बघू या. घरी वर्तमानपत्र येत होतं का? वडील पोस्टात, बँकेत, शाळेत, म्हणजे अर्ज कसा लिहायचा हे माहीत असलेल्या जागी होते का? पुण्यामुंबईत आत्या नाहीतर मावशी होती का, जिच्याकडे होस्टेल मिळेपर्यंत दोन महिने काढता आले? प्रवेशाच्या फॉर्मात कुठलं कॉलेज आधी लिहायचं हे सांगणारा शेजारचा दादा होता का? आमच्याकडे यातलं बहुतेक सगळं होतं. अमेरिकेत मास्टर्सला गेलो तेव्हा विमानतळावर घ्यायला नागपूरचा एक सीनियर आला होता. आठवडाभर त्याच्याच खोलीत जमिनीवर पथारी टाकली. पहिल्या रात्री खिचडी खाताना त्याने सांगितलं, "प्रोफेसरांच्या दारावर जी भेटीची वेळ लिहिलेली असते ना, ती आपल्यासाठीच असते. बेधडक आत जायचं आणि विचारायचं." आमची हिंमत ही अशी होती, तिच्या मागे दहा माणसं उभी होती. ज्याच्या मागे एकही उभं नाही त्याची हिंमत आमच्यापेक्षा मोठी असते, आणि तरीही ती पुरत नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातली एक बाजू आपण सहसा सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. हे शाळेतल्या धड्यात असतं. पण परळच्या चाळीतल्या एका खोलीत वाढलेला हा मुलगा महाराजांपर्यंत पोचला कसा? एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळी येत. रोज पुस्तकात डोकं घालून बसणारा हा मुलगा त्यांना दिसला. त्यांनी चौकशी केली, वाचायला पुस्तकं द्यायला सुरुवात केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा झाली, तीत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. पुढे कॉलेजच्या शिक्षणाला पैसे कमी पडायला लागले, तेव्हा गुरुजीच त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले, आणि दरमहा २५ रुपयांची मदत सुरू झाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले.

घरात वडील होते. रामजी सपकाळ यांनी पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवायला मागेपुढे पाहिलं नाही. मुलाची बुद्धी, बापाची जिद्द आणि महाराजांचा पैसा, सगळं होतं. पण या तिघांची गाठ घालून देणारा माणूस होता एक शाळामास्तर. त्याच्याकडे संपत्ती नव्हती. त्याला फक्त एवढं माहीत होतं, की या मुलाला काय पाहिजे आणि ते कुठे मिळतं.

नुसती पदवी मिळून भागत नाही, हेही याच चरित्रात दिसतं. कोलंबियाहून आणि लंडनहून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहात आसरा घेतला, तिथूनही हाकलून लावलं गेलं. शिष्यवृत्ती चोख होती, पण डोक्यावर छप्पर नव्हतं.

डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी ही शिक्षणाचीच सामग्री आहे, हे ओळखणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. त्याच कोल्हापुरात शिकायला राहिलेले भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकपर्यंतही पोचले नाहीत. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचा काचमाल विकत ते गावोगाव हिंडले, आणि त्या हिंडण्यात खेड्यातली बुद्धी कशी वाया जाते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीला. १९२७ साली गांधीजी येऊन गेले आणि बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. मुलांचं जेवणखाण बघणाऱ्या लक्ष्मीबाईंनी धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं, ही हकिगत साताऱ्याकडच्या घराघरांत आजही सांगतात.

पण आम्हाला भाऊरावांचं जास्त कौतुक वाटतं ते दुसऱ्या एका गोष्टीचं. ते मुलांना फुकट जेवू घालत नव्हते. मुलं शेतात राबत, विहिरी खणत, भिंती बांधत, स्वयंपाकाला हात लावत आणि शिकत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे संस्थेचं वाक्य तिथूनच आलं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेव्हा हीच पद्धत कॉलेजातही आली. 'कमवा आणि शिका' या योजनेवर शिकून बाहेर पडलेली माणसं पुढे प्राध्यापक झाली, अधिकारी झाली. पुणे विद्यापीठाची तशी योजना आज भाऊरावांच्याच नावाने चालते. श्रमाचा मोबदला म्हणून मिळालेली भाकरी खाताना मान खाली घालावी लागत नाही. देणगीच्या ताटावर बसलेलं मूल मात्र सारखं बघत असतं, की वाढणाऱ्याच्या कपाळाला आठी तर पडली नाही ना! पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली काढली, तीही याच जाणिवेतून. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या गरीब मुलांना राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळालं, तर उरलेली लढाई ती स्वतः लढतात.

"पण आता काळ बदलला, आता सरकार देतं की!" असंही ऐकू येतं. खरं आहे, बरंच देतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. २०२४-२५ पासून तर वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांत मोडणाऱ्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. होस्टेलच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी 'स्वाधार' आहे. यादी मोठी आहे.

आता हीच यादी यंत्रमाग कामगाराच्या घरात बसून वाचा. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून आणायचा, म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी बुडाली. रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, आधारला जोडलेलं बँक खातं. महाडीबीटीवर अर्ज भरायचा तो सायबर कॅफेत, तिथला पोऱ्या सांगेल तसा. एक रकाना चुकला तर अर्ज परत येतो, आणि परत आल्याचं कळायलाही महिना लागतो. योजनेचे पैसे जमा होतात ते सवडीने. मेसवाला मात्र पहिल्या तारखेला बिल मागतो. म्हणजे पैसा कागदावर असतो, पण तो हातात येईपर्यंतचे पाच-सहा महिने काढायचे कसे, हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नसतं. आमचा अनुभव असा, की आज आपल्या मदतीची खरी जागा फी ही नाहीच. ती आहे मेसचं बिल, खोलीचं डिपॉझिट, जुना का होईना पण चालणारा लॅपटॉप, आणि अर्ज कुठे अडकलाय ते बघणारं माणूस. नुसती फी पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि उपयोगी जास्त. अर्थात सरकारचं काम सरकारनेच केलं पाहिजे. वसतिगृहांत जागा वाढल्या पाहिजेत, पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत. चार घरांची मदत ही त्याला पर्याय नव्हे. पण एखाद्या मुलीचं तिसरं सेमिस्टर सरकारची घडी नीट बसेपर्यंत थांबून राहत नाही.

आता ज्या गावात आपण राहतो तिथली गोष्ट. जुराँगला एनटीयूच्या आवारात युन्नान गार्डन नावाची बाग आहे. आपल्यापैकी बरीच मंडळी रविवारी मुलांना घेऊन तिथे जातात. तिथली चिनी धाटणीची कमान ही जुन्या नानयांग विद्यापीठाच्या कमानीची प्रतिकृती आहे. चिनी शाळांतून शिकलेल्या मुलांना पुढे शिकायला इथे जागाच नव्हती. १९५३ साली टान लार्क साय या रबराच्या व्यापाऱ्याने त्यांच्यासाठी विद्यापीठाची कल्पना मांडली आणि स्वतः ५० लाख डॉलर देऊ केले. होक्कियेन समाजाच्या संघटनेने ५२३ एकर जमीन दिली. मोठ्यांनी मोठं दान दिलं यात नवल नाही. नवल पुढेच आहे. ट्रायशॉ ओढणारे, टॅक्सी चालवणारे, रस्त्यावर खाणं विकणारे अशा माणसांनी आपली एकेका दिवसाची कमाई या विद्यापीठाला देऊन टाकली. १९५६ साली वर्ग सुरू झाले. आपण ज्या दारातून कधी आत जाणार नाही, ते दार दुसऱ्याच्या पोरासाठी उभं राहावं म्हणून त्यांनी घाम गाळला.

आणि पुढची गोष्ट आपल्या आजच्या विषयाचीच. दार उघडलं तरी सगळं सरळ झालं नाही. नानयांगच्या पदवीला सरकारी मान्यता मिळायला १९६८ उजाडावं लागलं, आणि इंग्रजीत चालणाऱ्या कचेऱ्यांत चिनी माध्यमातून शिकलेल्या पदवीधरांना नोकरी मिळणं अवघडच जात असे. १९८० साली हे विद्यापीठ सिंगापूर विद्यापीठात विलीन झालं आणि त्यातून एनयूएस तयार झालं. जुराँगच्या जागेवर १९८१ साली तंत्रशिक्षणाची नवी संस्था आली, तिचीच १९९१ साली एनटीयू झाली. मराठी माध्यमातून इंग्रजी वर्गात जाऊन बसलेल्या आपल्या गावाकडच्या मुलांना नानयांगची गोष्ट फार समजावून सांगावी लागणार नाही.

आणखी जवळचं पाहायचं तर दर महिन्याच्या पगाराची चिठ्ठी काढून बघा. कपातीच्या रकान्यात 'सिंडा' अशी एक ओळ दिसेल. इथल्या भारतीय मुलांचं शिक्षण मागे पडतंय हे लक्षात आल्यावर १९९१ साली ही संस्था निघाली. नागरिक असो, पीआर असो की एम्प्लॉयमेंट पासवाला, भारतीय वंशाच्या नोकरदाराच्या पगारातून थोडे डॉलर तिच्याकडे जातात. आपल्यातल्या कित्येकांना तो कर वाटतो. तो कर नाही, ती वर्गणी आहे. त्यातून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या शिकवण्या चालतात, आणि त्या कामाला पैशाइतकीच संध्याकाळचा वेळ देणारी माणसंही लागतात. म्हणजे पैसे तर आपण न कळत देतोच आहोत. बघा, गावाकडे जाण्याआधी हा दरवाजा आपल्या एमआरटी स्टेशनाइतका जवळ आहे.

असो. मंडळी, सयाजीराव महाराज होणं आपल्याला जमणार नाही. कोंडोचं भाडं आणि मुलांच्या शिकवण्या भागवून तेवढं उरतच नाही. पण केळुसकर गुरुजी होणं आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल. त्याला लागतो थोडा वेळ आणि जे आपल्याला आयतं कळलं ते दुसऱ्याला सांगण्याची तयारी.

आमच्या चार घरांत जी पद्धत बसली आहे ती सांगतो, पटली तर घ्या. एका मुलामागे एकच माणूस. चौघांनी चार सल्ले दिले, की मुलाचा गोंधळ होतो. एक आड एक रविवारी संध्याकाळी अर्धा तास फोन. आपल्याकडे आठ वाजलेले असतात, तिकडे साडेपाच. "अभ्यास कसा चाललाय?" हा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्याचं उत्तर जगभर "चांगला चाललाय" हेच असतं. विचारायचं ते असं: मेसचं बिल भरलं का? परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे? महाडीबीटीचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे? गेल्या पंधरा दिवसांत वर्गात एखादा प्रश्न विचारलास का? नसेल, तर का नाही? यातली पाच-दहा मिनिटं इंग्रजीत बोलायची, चुकत माकत. तोंडी परीक्षेत बोबडी वळते ती विषय येत नाही म्हणून नव्हे, तर त्या भाषेत कोणाशी कधी बोलायची वेळच आलेली नसते म्हणून.

तिसऱ्या वर्षाला आणखी एक काम येतं. उन्हाळ्यात इंटर्नशिप शोधायची असते. आपल्या मुलांसाठी आपण चाकणच्या नाहीतर हिंजवडीच्या मित्राला फोन करतो, आणि त्याला वशिला म्हणत नाही. मग तोच फोन या मुलांसाठी करायला काय हरकत आहे? नोकरी द्या असं म्हणायचं नाही, फक्त भेटीची वेळ मागायची. पुढचं ती बघतात.

वडिलांशीही अधूनमधून बोलावं. सौ. आता इचलकरंजीच्या दादांना दर सहामाहीला फोन करतात. निकाल आला, की तो म्हणजे काय, पुढे काय, किती राहिलं, हे समजावून सांगतात. हा माणूस कमी शिकलेला आहे, कमी समजूतदार नाही. कॉलेज म्हणजे काय हे एकदा नीट कळल्यावर मुलीच्या लग्नाची घाई करणाऱ्या भावकीला त्यांनी स्वतःच थोपवून धरलं. ते काम आपण इथून जन्मात करू शकलो नसतो.

आणि शेवटची गोष्ट, भाऊरावांकडून शिकण्यासारखी. मदत घेणाऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे. आभाराची पत्रं मागू नयेत, व्यासपीठावर उभं करून हार घालून फोटो काढू नयेत. मूल काही परत करू म्हणालं, तर नको म्हणू नये. आमच्या मुलीला आम्ही सांगितलं आहे, की तुझ्या गल्लीतल्या दहावीच्या दोन पोरांना सुट्टीत गणित शिकव, हिशेब फिटला. ती शिकवतेही. गेल्या सुट्टीत दोनाची सहा पोरं झाली होती. गंमत म्हणजे प्रवेशाचे फॉर्म कसे भरायचे हे त्या गल्लीत आता तिलाच विचारायला येतात.

तेव्हा, यंदा गावाकडून फोन आला तर फीचं बघाच. पण पैसे पाठवून झाल्यावर त्या मुलाचा नाहीतर मुलीचा स्वतःचा नंबर मागून घ्या, आणि पंधरा दिवसांनी एक फोन करा. ज्यांना हे काम मिळून करावंसं वाटतं, त्यांनी दिवाळीच्या कार्यक्रमात आम्हाला जरूर गाठावं. नाटकाच्या मध्यंतरात आम्ही बटाटेवड्याच्या रांगेत असू, सापडायला अवघड नाही.